कंट्रोलर, मोबाइल आणि त्यांच्यातील तीन करार

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईकडील भाचरे हुबळी-धारवाडास मामाच्या घरी उतरू लागली, की त्यांच्या सामानात कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेली एक वस्तू हल्ली बहुधा निघतेच. दोन्ही तळव्यांत नेमकी बसणारी, अंगठ्याखाली दोन लहान दांड्या आणि भोवती दहाबारा बटणे असलेली. घरातील वडील माणसे तिला ‘रिमोट’ म्हणतात, मुले ‘कंट्रोलर’ म्हणतात. ज्या यंत्राकरिता ती घडविली गेली ते प्लेस्टेशन वा एक्सबॉक्स मात्र पुण्यास, दूरचित्रवाणी संचाच्या खालच्या कप्प्यात राहिलेले असते. मामाच्या घरी आहे तो एक मोबाइल फोन. मग पहिल्याच दुपारी प्रश्न निघतो: हा कंट्रोलर या फोनला जोडता येईल का?

येईल, असे याचे उत्तर आहे. तथापि पुष्कळ घरांत तो प्रयत्न अर्ध्यावरच फसतो. फोनच्या पडद्यावर ‘जोडले गेले’ अशी अक्षरे उमटतात आणि खेळातील वीर मात्र जागचा हलत नाही. लगेच दोन निकाल दिले जातात. कंट्रोलर बिघडला, असे मामा म्हणतात. तुमचा फोनच हलका, असे भाचा म्हणतो. संध्याकाळी कोप्पीकर रस्त्यावरून नवी केबल आणली जाते, रात्री कुठले तरी अनोळखी ॲप उतरवून घेतले जाते. वस्तुतः कंट्रोलरही धडधाकट असतो आणि फोनही. गैरसमज आहे तो ‘जोडणे’ या शब्दाविषयी. जोडणे ही एक क्रिया नव्हे. त्यात एकामागून एक असे तीन निरनिराळे करार व्हावे लागतात, आणि त्यांतील कोणता राहिला हे ठाऊक नसल्यामुळे सारा घोटाळा होतो.

पहिला करार आहे बिनतारी संदेशाचा. तो समजण्यासाठी धारवाडकरांना दूर जावयास नको. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले आणि मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झ हा त्याचा पत्ता उत्तर कर्नाटकातील घराघरांत पाठ झाला. ७६५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७ लाख ६५ हजार कंपने. त्या लहरीची लांबी सुमारे ३९० मीटर भरते. कंट्रोलर आणि फोन ज्या ‘ब्लूटूथ’ पद्धतीने बोलतात तीही रेडिओच आहे. फरक मापाचा आहे. तेथे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने होतात आणि एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्ध्या वितेएवढी. शक्तीचा विचार केला तर अंतर अधिकच थक्क करणारे आहे. धारवाडच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाची शक्ती २०० किलोवॉट. कंट्रोलरसारख्या उपकरणातील ब्लूटूथची शक्ती सर्वसाधारणपणे अडीच मिलिवॉटच्या आसपास. आठ कोटी कंट्रोलर एकत्र केले तर त्या एका प्रक्षेपकाची बरोबरी होईल! परंतु कंट्रोलरला जिल्हा ओलांडावयाचा नसतो. माजघरातून ओसरीपर्यंत आवाज पोहोचला की त्याचे काम झाले.

इतक्या दुबळ्या आवाजाला गर्दीत निभाव लागतो कसा, हा या विषयातील सर्वांत मनोरंजक भाग आहे. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा म्हणजे रेडिओ जगतातील गायरानच होय. भारत सरकारने २००५ च्या जानेवारीत अल्पशक्ती उपकरणांसाठी तो परवानामुक्त केला. एके काळी घरातील रेडिओ संचासाठीसुद्धा टपाल कचेरीत जाऊन परवाना काढावा लागे, हे ज्यांना आठवते त्यांना या सवलतीचे मोल कळेल. अर्थात् गायरान म्हटले की सगळ्यांचीच गुरे तेथे येणार. घरातील वायफाय तेथेच बोलते, शेजाऱ्याचेही तेथेच बोलते, आणि अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात गुणगुणते. धारवाडसारख्या विद्यार्थ्यांच्या गावी वसतिगृहाच्या एकेका मजल्यावर किती फोन एकाच वेळी बोलत असतील याची कल्पनाच करावी.

यावर ब्लूटूथने योजलेला उपाय असा, की एका जागी उभे राहावयाचेच नाही. या पट्ट्याचे ७९ भाग पाडले आहेत, आणि फोन व कंट्रोलर सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतात. उडी कोठे मारावयाची हा क्रम दोघांनाच ठाऊक असतो, आणि दोघांची घड्याळेही एकमेकांशी जुळवलेली असतात. तबलजी आणि गायक यांनी वाटेत कितीही लयकारी केली तरी समेवर दोघे बरोबर भेटतात, तसाच हा प्रकार. मात्र येथे सम सेकंदाला सोळाशे वेळा येते. एखाद्या भागात वायफायचा गोंगाट फार आहे असे आढळले, तर तेवढा भाग टाळून उड्या मारण्याची अक्कलही २००३ पासून या पद्धतीत आली आहे. ही उड्यांची कल्पना ब्लूटूथहून पुष्कळ जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेडी लामार ही चित्रपट नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पाणतीराचे नियंत्रण शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून अशीच एक योजना मांडली आणि १९४२ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळविले. स्वयंचलित पियानोतील भोकांच्या कागदी पट्टीवरून त्यांना ती सुचली होती, आणि त्यांच्या योजनेत पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, कंपनसंख्या होत्या. ब्लूटूथचे काम स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झाले. नाव मात्र दहाव्या शतकातील हॅरल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून आले. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एकत्र आणले, तशी ही पद्धत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणील, असा त्यामागील भाव. फोनवर दिसणारी ब्लूटूथची खूण म्हणजे त्या राजाच्या नावातील दोन आद्याक्षरांची जुन्या रूनी लिपीतील जोडाक्षरी होय.

आता प्रत्यक्ष कृती. उड्यांचा क्रम आणि गुप्त किल्ली यांची पहिली देवाणघेवाण व्हावी लागते. तिलाच ‘पेअरिंग’ म्हणतात. येथे नेहमी होणारी चूक एकच. मुले कंट्रोलरवरील मधले बटण दाबतात आणि वाट पाहत बसतात. ते बटण दाबले म्हणजे कंट्रोलर आपल्या जुन्या, ओळखीच्या यंत्राला हाक मारतो. ते यंत्र पुण्यास असल्याने उत्तर येत नाही आणि तो निमूटपणे झोपी जातो. नव्या माणसाशी ओळख करून घ्यावयाची आहे, हे त्याला निराळे सांगावे लागते. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’ आणि मधले ‘पीएस’ ही दोन बटणे एकाच वेळी काही सेकंद दाबून धरावी; दिवा दुहेरी लुकलुकू लागला म्हणजे तो तयार झाला. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’च्या जागी ‘क्रिएट’ हे बटण आहे, बाकी रीत तीच. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वरच्या कडेवर, केबलच्या छिद्राजवळ, एक बारीक स्वतंत्र बटण असते. ते धरून ठेवले की मधला दिवा जलद लुकलुकतो. मग फोनच्या ब्लूटूथ यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ किंवा ‘एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर’ असे नाव उमटते. त्यावर बोट ठेवले की पहिला करार पुरा झाला.

मात्र प्रत्येक बिनतारी कंट्रोलर ब्लूटूथ बोलतोच असे नाही, आणि जुन्या मालाच्या खरेदीत पैसे वाया जातात ते येथेच. २०१३ साली एक्सबॉक्स वनबरोबर आलेले पहिले कंट्रोलर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने बोलत. ब्लूटूथ त्यांत आले ते २०१६ पासून. दोन्ही दिसावयास सारखेच. ओळखण्याची खूण अशी: मधल्या दिव्याच्या बटणाभोवतीचे प्लॅस्टिक जर दर्शनी भागाचाच सलग हिस्सा असेल, तर त्यात ब्लूटूथ आहे, ते जर वरच्या खांद्यांच्या बटणांच्या तुकड्याशी जोडलेले असेल, तर नाही. त्याहून जुन्या एक्सबॉक्स ३६० चा बिनतारी कंट्रोलर तर दुहेरी फसवा आहे. त्याच्याबरोबर मिळणारी केबल फोनला लावली तरी काही घडत नाही, कारण ती केबल केवळ वीज वाहते, संदेश नव्हे. त्याच जातीचा तारेचा कंट्रोलर मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मुकाट्याने चालतो. प्लेस्टेशन ३ चा कंट्रोलर ब्लूटूथ बोलतो खरा, परंतु आपला धनी कोण हे तो केबलमार्गेच शिकतो. फोनच्या यादीत तो सरळपणे येत नाही. जुने काही विकत घेण्यापूर्वी दुकानातच फोनला जोडून पाहावे, हे बरे.

तारेने जोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावयास हवी. फोन संगणकाला लावला असता तो पाहुणा असतो आणि संगणक यजमान. कंट्रोलर लावावयाचा तर फोनलाच यजमान व्हावे लागते, म्हणजे समोरच्याला वीजही द्यावी लागते आणि ‘तू कोण?’ अशी विचारपूसही करावी लागते. या भूमिकाबदलाला ‘ओटीजी’ म्हणतात आणि त्यासाठी लागणारा लहानसा जोडतुकडा बाजारात सहज मिळतो. काही फोनांत ओटीजीची कळ सेटिंगमध्ये आधी चालू करावी लागते. काही काळ न वापरल्यास ती आपोआप बंदही होते. केबलच्या पोटात विजेच्या दोन आणि संदेशाच्या दोन अशा निदान चार तारा हव्यात. निव्वळ चार्जिंगच्या स्वस्त केबलींत संदेशाच्या तारा पुष्कळदा नसतातच. आयफोनधारकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की २०२३ च्या आयफोन १५ पासून तेथेही यूएसबी-सी हे सर्वांचे छिद्र आले आहे.

दुसरा करार भाषेचा. हुबळीच्या बाजारात घरी मराठी बोलणारे गिऱ्हाईक आणि घरी कन्नड बोलणारा दुकानदार यांचा व्यवहार अडत नाही, कारण मोजमापाचे आणि भावाचे शब्द दोघांच्या अंगवळणी पडलेले असतात. यंत्रांच्या जगात असा समाईक शब्दसंग्रह यूएसबीबरोबर १९९० नंतरच्या दशकात तयार झाला आणि पुढे ब्लूटूथनेही तोच उचलला. त्याचे तांत्रिक नाव एचआयडी. टंकफलक, माउस, खेळाचा कंट्रोलर अशी माणसाच्या हाताखाली येणारी सर्व साधने तीच बोली बोलतात. जोडणी होताच कंट्रोलर प्रथम आपली ओळख सांगतो: मजजवळ इतकी बटणे आहेत, दोन दांड्या आहेत, प्रत्येक दांडीला आडवी-उभी अशा दोन दिशा आहेत. यानंतर तो सतत आकडे पाठवीत राहतो. बटणाचे आकडे दोनच, शून्य किंवा एक. दांडीचे अधिक: प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर दांडी एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला २५५, आणि मधोमध स्वस्थ असताना १२८ च्या आसपास. जुन्या कंट्रोलरची दांडी झिजली म्हणजे ती स्वस्थ असतानाही आकडा मध्यावर येत नाही आणि खेळातील माणूस आपोआप भिंतीकडे चालू लागतो. त्यात जोडणीचा दोष काहीच नाही.

फोनला ही बोली समजणे हेही एका दिवसात घडलेले नाही. अँड्रॉइडने खेळाच्या कंट्रोलरची दखल २०११ च्या ३.१ या आवृत्तीपासून घेतली. आयफोनवर प्रारंभी खास प्रमाणपत्र मिळविलेलेच कंट्रोलर चालत. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स यांच्या कंट्रोलरना दार उघडले ते २०१९ साली, तेराव्या आवृत्तीबरोबर. यास्तव फार जुन्या फोनवर पहिला करार होऊनही दुसरा होत नाही, असे घडू शकते.

हे दोन करार झाले की नाहीत, याची परीक्षा अगदी सोपी असून ती फारशी कोणी करीत नाही. कोणताही खेळ उघडू नये. अँड्रॉइड फोनच्या मुख्य पडद्यावर असतानाच कंट्रोलरवरील अधिक चिन्हासारखे दिशाबटण दाबावे. चित्रांभोवती एक चौकट उमटून ती इकडून तिकडे सरकू लागली, तर बिनतारी संदेशही ठीक आहे आणि भाषाही कळते आहे. आयफोनवर सेटिंगच्या ‘जनरल’ विभागात ‘गेम कंट्रोलर’ असे निराळे दालन दिसू लागते. एवढे झाले म्हणजे कंट्रोलर बिघडल्याचा आणि फोन हलका असल्याचा, असे दोन्ही आरोप निकालात निघतात. यापुढेही खेळ हलत नसेल, तर अडचण तिसऱ्या करारात आहे.

हा तिसरा करार खुद्द खेळाशी असतो. फोनला आकडे पोहोचले. परंतु ते ऐकावयाचे की नाही, हे खेळ लिहिणाऱ्याने ठरविलेले असते. मोबाइलवरील बहुसंख्य खेळ बोटाच्या स्पर्शाकरिता लिहिले गेले आहेत. त्यांच्या कानावर ‘उजवे बटण दाबले’ ही वार्ता पडते आणि ते स्वस्थ राहतात, कारण त्या वार्तेचे काय करावयाचे हे त्यांना कोणी शिकविलेलेच नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाचे. त्याने आयफोनवर कंट्रोलर २०२१ साली स्वीकारला. अँड्रॉइडवर तीच सोय यावयास २०२५ साल उजाडले. मधल्या काळात एकाच घरात, एकच कंट्रोलर एका फोनवर चाले आणि दुसऱ्यावर चालत नसे. दोष ना कंट्रोलरचा, ना फोनचा.

काही खेळ जाणूनबुजून नकार देतात, आणि त्यांच्या नकारात न्यायाची बाजूही आहे. काचेवर अंगठा घासून नेम धरणारा एक मुलगा आणि दांडीने नेम धरणारा दुसरा यांची शर्यत बरोबरीची नव्हे. ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’ने २०१९ मध्ये कंट्रोलरला परवानगी दिली ती कंट्रोलरवाल्यांची गाठ शक्यतो कंट्रोलरवाल्यांशीच घालून देऊन. तोडगा समंजस म्हटला पाहिजे.

घरातील वडील माणसांनी विशेष जागरूक राहावे असे ठिकाण नेमके येथेच आहे. खेळ ऐकत नाही असे दिसताच मुले ‘की-मॅपर’ जातीची ॲपे शोधू लागतात. ही ॲपे बटणाचा दाब घेतात आणि पडद्याच्या ठराविक जागी बोट टेकल्याचा आभास निर्माण करतात. खेळाला वाटते, माणसाने स्पर्श केला. युक्ती चतुर आहे. पण दुसऱ्याच्या वतीने पडद्यावर बोट ठेवावयाचे, तर त्या ॲपला तसा अधिकार हवा. तो पुष्कळदा ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सेटिंगमार्गे मागितला जातो. हे सेटिंग मुळात अंध आणि अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी निर्माण झाले आहे: पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणे, माणसाच्या वतीने बटणे दाबणे. साहजिकच ज्या ॲपला तो अधिकार मिळाला ते खेळाचाच पडदा पाहील आणि बँकेचा पाहणार नाही, अशी हमी कोण देणार? मामाच्या त्याच फोनवर पगाराचे खाते, गॅसचे बिल आणि यूपीआयचे व्यवहार असतात. अधिकृत दुकानाबाहेरून, कोणी पाठविलेल्या दुव्यावरून उतरविलेली ॲपे तर सर्वांत घातक. अशा ॲपांना हा अधिकार सहजासहजी मिळू नये म्हणून अँड्रॉइडने २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत आडकाठी घातली आहे. ती कशी काढावी हे सांगणारे लोकही अर्थातच लगोलग निघाले. शिवाय स्पर्धेच्या खेळांत अशी युक्ती ही लबाडी समजली जाते आणि ती उघडकीस आल्यास मुलाचे खाते कायमचे बंद होऊ शकते. तिसरा करार नसेल तर दुसरा खेळ निवडावा. ‘माइनक्राफ्ट’पासून मोटारींच्या शर्यतींपर्यंत कंट्रोलर मनापासून स्वीकारणारे खेळ पुष्कळ आहेत.

जोडणी साधल्यावर उरतात त्या किरकोळ तक्रारी. खेळ पडद्यावर ‘ए’ दाबा म्हणतो आणि मुलाच्या हातातील कंट्रोलरवर ‘ए’ नसतेच. एक्सबॉक्सचे ‘ए’ म्हणजे उजव्या हाताच्या चौकडीतील सर्वांत खालचे बटण. प्लेस्टेशनवर त्याच जागी फुली असते. निन्टेन्डोने मात्र ‘ए’ उजवीकडे ठेवले आहे, म्हणून तेथे अक्षर न पाहता जागा पाहावी. बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ही तक्रार बिनतारी इयरफोन वापरणाऱ्यांची. तो उशीर बहुधा कंट्रोलरचा नसून इयरफोनचा असतो, कारण ध्वनी गुंडाळून पाठविणे आणि पलीकडे पुन्हा उलगडणे यास बटणाच्या एका आकड्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. तारेचा इयरफोन लावला की फरक कानाला कळतो. कंट्रोलर अधूनमधून सुटत असेल तर प्रथम त्याची बॅटरी पाहावी आणि फोन कोठे ठेवला आहे तेही पाहावे. साडेबारा सेंटिमीटरच्या या लहरी पाण्यात झपाट्याने विरतात आणि माणसाचे शरीर बव्हंशी पाणीच आहे. पाठीमागच्या खिशातील फोन आणि पोटाशी धरलेला कंट्रोलर यांच्यामध्ये खुद्द खेळाडूच भिंत होऊन बसलेला असतो.

सुट्टी संपून भाचा पुण्यास परतला म्हणजे प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर एकदा केबलने मूळ यंत्राला जोडावा लागतो. हा कंट्रोलर एका वेळी एकाच धन्याची किल्ली बाळगतो. पुन्हा प्लेस्टेशनची किल्ली मिळाली, की हुबळीच्या फोनची किल्ली पुसली जाते. फोनच्या यादीत मात्र त्याचे नाव तसेच राहते. पुढल्या मे महिन्यात मामा त्या नावावर बोट ठेवतील आणि काहीच घडणार नाही. तेव्हा कंट्रोलर बिघडला असे न म्हणता यादीतील ते जुने नाव ‘विसरा’ असे फोनला सांगावे, ‘शेअर’ आणि ‘पीएस’ ही दोन बटणे पुन्हा एकवार दाबून धरावी, आणि दिवा दुहेरी लुकलुकण्याची वाट पाहावी.